मुक्तलेखन आणि माणदेशी साहित्य

मुक्तलेखन : ललित लेखनाचा विषय वा आरंभ सापडावा म्हणून ठरावीक वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटे, हात न थांबवता आणि शुद्धलेखन, व्याकरण व संगती यांची फिकीर न करता केलेले लेखन. काही सुचले नाही, तर ‘काही सुचत नाही’ असेच लिहीत राहावे. खाडाखोड करू नये, लिहिलेले मागे वळून वाचू नये, असा त्याचा दंडक आहे. आंद्रे ब्रतों व फिलीप सूपो या फ्रेंच कवींनी १९१९ मध्ये या रीतीने लेखन केले आणि १९२४ च्या अतिवास्तववादी जाहीरनाम्याने त्याला तात्त्विक अधिष्ठान दिले. अमेरिकेत डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ मध्ये नवलेखकांना सकाळी उठताच, वाचन-संभाषणापूर्वी, लिहावयास बसण्याचा सल्ला दिला. पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये या सरावाला अध्यापनपद्धतीचे रूप दिले. लिहिणे व लिहिलेले तपासणे ही कामे एकाच वेळी केल्यास दुसरे पहिल्याला मारते, हे त्यांच्या मांडणीचे सार होय.

हा तपासनीस लेखकाच्या मनातच जन्मतो, असे मात्र नाही. घरात एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा, अशा मुलाच्या बाबतीत तो पाठ्यपुस्तकातून येतो आणि पहिले वाक्य कागदावर उतरण्यापूर्वीच ते दुरुस्त करतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील माण नदीकाठच्या अवर्षणग्रस्त मुलखाचे साहित्य या दृष्टीने उद्बोधक आहे.

मौखिक रचनेला हा अडथळा नव्हता. जात्यावरच्या ओवीत आरंभीचा चरण अनेकदा ठरीव असतो. जाते फिरत राहते, बाई तो चरण घोळवते आणि तेवढ्यात पुढचा चरण तिला सुचतो. मुक्तलेखनात न सुचल्याचे वाक्य जे काम करते, तेच काम येथे हा ठरीव चरण करतो. धनगरी ओवीतही गायन व गद्य निवेदन आलटून पालटून येतात.

हे बोलणे छापील पानावर आणण्याचे मोठे श्रेय आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांना जाते. त्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. माणदेशी माणसे (१९४९) या संग्रहातील धर्मा रामोशी, शिवा माळी, रामा मैलकुली ही माणसे आपल्याच बोलीत बोलतात. निवेदन मात्र साध्या, प्रमाण मराठीत आहे. माडगूळकर उत्तम रेखाटनकारही होते. मोजक्या रेषांत माणूस पकडण्याची ती सवय त्यांच्या गद्यात दिसते. त्यांच्या शैलीला मुक्तलेखन म्हणणे चूक ठरेल, कारण तिचा प्राण निवडीत व संयमात आहे. मात्र कानावर पडलेला पहिला उच्चार न सुधारता स्वीकारणे, ही मुक्तलेखनाची पूर्वअट त्यांनी पाळली आणि निवड त्यानंतर केली. बनगरवाडी (१९५५) या कादंबरीतही हाच क्रम जाणवतो.

त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. पुणे आकाशवाणीसाठी १९५५–५६ मध्ये त्यांनी गीतरामायणाची ५६ गीते आठवड्याला एक या क्रमाने दिली. तेथे घड्याळ होते, पण छंद व कथानक यांचे बंधनही होते. वेळेची मर्यादा रचनेला चालना देते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

प्रश्नाची खरी धार आटपाडीच्याच शंकरराव खरात (१९२१–२००१) यांच्या लेखनात आढळते. त्यांच्या घरी तराळकी होती. गावचा सांगावा पोहोचवावयाचा, पण स्वतःचे म्हणणे मांडावयाचे नाही, अशी ती चाकरी. ज्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या बोलण्याची मर्यादा आखून दिलेली होती, त्याला ‘मनात येईल ते लिही’ ही सूचना सोपी नसते. तपासनीस येथे व्याकरणाचा नसून गावकीचा असतो. खरातांनी वकिली केली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत काम केले, विपुल कथा लिहिल्या. स्वतःची सलग हकीकत तराळ-अंतराळ या नावाने प्रसिद्ध झाली ती १९८१ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी. व्यंकटेश माडगूळकर १९८३ मध्ये व खरात १९८४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.