भाता, पंखा आणि पंप

परवा इलेक्ट्रिक एअर पंप घ्यायला गेलो होतो. पोरांची पाण्यातली खेळणी आणि एक हवेची होडी, दोन्ही फुगवायचं होतं. खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरात एकच आकडा: मिनिटाला ४०० लिटर. आता हा चांगला की वाईट? घरी येऊन शोधत बसलो आणि पोचलो थेट १८४४ सालात.

ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट नावाच्या लेफ्टनंटने तेव्हा अंगात घालायची होडी बनवली होती. खरंच! मॅकिंटॉशच्या रबरी कापडाचा झगा. एरवी अंगावर घ्यायचा, नदी लागली की फुगवायचा. हातातली काठी वल्ह्याचा दांडा, छत्री म्हणजे शीड. फुगवायला बरोबर छोटा भाता, तीन-चार मिनिटांत काम तमाम. नौदलाने १८४५ मधे "आमच्या कामाचं नाही" असं कळवून टाकलं. पण जॉन रे नावाच्या डॉक्टरने १८४६ च्या आर्क्टिक मोहिमेत हॅल्केटचीच एक होडी नेली आणि तिच्यातून मासेमारीची जाळी टाकली. तिथे जाळ्यात मासा नाही तर ताटातही काही नाही.

हॅल्केटने भाता का घेतला असेल? आपल्या लोहाराचा असतो तोच प्रकार: हवा भरपूर, जोर बेताचा. जरा हिशोब करू. ४० सेंटीमीटर जाडीची नळी, एकूण लांबी ७ मीटर, म्हणजे साधारण ८८० लिटर हवा. सायकलचा पंप एका दट्ट्याला पाव लिटर ढकलतो असं धरलं तर साडेतीन हजार दट्टे. मारा!

खोक्यातला तो पंप म्हणजे या भात्याचा विजेवर चालणारा भाऊ. आत गरगर फिरणारा पंखा असतो, व्हॅक्युम क्लिनरमधे असतो तसाच. (जेम्स स्पँग्लरला घरगुती इलेक्ट्रिक क्लिनरचं पेटंट मिळालं १९०८ मधे. हा गृहस्थ दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. असो.) ८८० लिटर तो दोन-सव्वादोन मिनिटांत भरतो. गोची पुढे आहे. साधा पंखा ०.०५ बारच्या आसपास दमतो, नुसता आवाज करत राहतो. खेळण्यांना तेवढं पुरतं. होडीला लागतात साधारण ०.२ बार. त्याहून कमी असेल तर होडी मधेच दुमडते, आणि आत पोरं बसलेली असतात.

गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर उलट्या टोकाचा. जोर चिक्कार, पण हवा इतकी थोडी की अर्धा तास सहज जाईल, आणि लक्ष नसेल तर शिवण उसवेल. उभं राहून वल्हवायच्या फळीला १५ पीएसआय, म्हणजे एक बार लागतो. त्यासाठी दोन टप्प्यांचे पंप मिळतात, आधी पंखा मग दट्ट्या. महाग आहेत.

आणखी एक. ४५ अंशाच्या उन्हात ०.२ बार भरलेली होडी २५ अंशाच्या पाण्यात उतरवली की ०.१२ वर येते. म्हणजे पाण्यात गेल्यावर पुन्हा मोजायचं.

मी शेवटी तो ४०० लिटरवालाच घेतला. आणि वरचं प्रेशर भरायला, पायाने मारायचा एक भाता.