वर्गातला एक प्रश्न आणि ओझरचा कारखाना

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमानं हवाई दलातून निवृत्त झाली. त्या दिवसांत आष्ट्यात मी वर्गात ही बातमी वाचून दाखवली. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, आपल्यात कुणी पायलट झालं होतं का?"

'आपल्यात' म्हणजे कोणात, हे मला कळलं. मी एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचं नाव सांगितलं. मुलगा खूश झाला. पण घरी येताना वाटलं, नाव सांगून झालं, इतिहास सांगायचा राहिला.

तो इतिहास आपल्या जिल्ह्यापासूनच सुरू करता येतो. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री होते. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढं सरकले. दुपारी हवाई दलप्रमुख अर्जन सिंग परवानगी मागायला आले आणि यशवंतरावांनी ती काही मिनिटांत दिली. संध्याकाळच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. त्यात जुनी, संथ व्हॅम्पायर होती. समोर सेबर जेट आली. त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर गेली. लगेच व्हॅम्पायर आघाडीवरून मागं घ्यावी लागली. वैमानिक धाडसात कमी पडले नव्हते, त्यांच्या हातातलं यंत्र कमी पडलं होतं. पुढं सेबरना तोंड दिलं ते छोट्या नॅट विमानांनी, आणि नॅट आपल्या बंगळुरूच्या कारखान्यातही बनत होतं.

मिग-२१ चा करार रशियाशी १९६२ मध्येच झाला होता. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पण कारखाना काही एका दिवसात उभा राहत नाही. १९६५ मध्ये ओझरचं काम अजून आकाराला येत होतं आणि देशाकडं मोजकीच मिग होती. १९७१ पर्यंत चित्र पालटलं. १२ डिसेंबरला कच्छच्या आखाताजवळ फ्लाइट लेफ्टनंट भरत भूषण सोनी यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं. दोन दिवसांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनीच मारा केला.

याची दुसरी बाजू १९४० च्या ब्रिटनमध्ये दिसते. लॉर्ड बीव्हरब्रुक विमान-उत्पादन मंत्री झाले आणि कारखान्यांतून जर्मनीपेक्षा जास्त लढाऊ विमानं बाहेर पडू लागली. मग टंचाई जाणवली ती वैमानिकांची. पाडलेल्या विमानाची जागा नवं विमान लवकर घेई, मेलेल्या वैमानिकाची जागा घेणारा तयार व्हायला मात्र कित्येक महिने लागत. म्हणून हवाई संरक्षणाला दोन्ही लागतात, आणि दोन्हींची तयारी युद्धाच्या आधी करावी लागते.

लतीफ साहेबांचं मोठेपण मला इथं दिसतं. हैदराबादचा हा तरुण १९४२ मध्ये हवाई दलात गेला आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेत लढला. फाळणीच्या वेळी ओळखीचे सहकारी पाकिस्तानात गेले. त्यांनी भारत निवडला. १९७१ च्या युद्धात ते मुख्यालयात नियोजनाचं काम पाहत होते. कोणती विमानं हवीत, जुन्यांच्या जागी काय आणायचं, हे ठरवण्याचं हे काम. या कामाची छायाचित्रं पेपरात येत नाहीत. १९७८ ते १९८१ ते हवाई दलप्रमुख होते आणि १९८२ ते १९८५ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. ओझरला आता तेजसची जुळणी सुरू झाली आहे, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मला गणित येत नाही सर, मग पायलट कसा होणार?"

म्हटलं, "विमानाला फिटर लागतो, वेल्डर लागतो, इंजिनिअर लागतो. त्यांनाही गणित लागतंच. उद्या सुट्टीत वही घेऊन ये."

वही घेऊन तो आला. आम्ही अपूर्णांकांपासून सुरुवात केली आहे.