तेरात बसत नाही, चौदात फिरतो

गोष्ट एका नटाची आहे. गाडी एमजी टीसी, १९४८ सालची, दोन माणसांपुरती, लांब नाकाची. जागा शिवडीतली एक पत्र्याची शेड. मित्राच्या वडिलांचं हे गॅरेज. शनिवारी-रविवारी मी तिथे लुडबुड करायला जातो. त्या दिवशी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढायचा होता. तेराचा पाना लावला, बसेना. चौदाचा लावला, बसला. जोर दिला आणि पाना कोपऱ्यांवरून सरकला. नटाचे सहापैकी दोन कोपरे गोल झाले.

चूक माझीच. मेकॅनिकलची पदवी घेऊन पाच वर्षं कोड लिहिणाऱ्या माणसाचा असा समज असतो, की जगातला प्रत्येक नट पूर्ण आकड्याचा असतो. व्हर्नियर लावून मोजलं तर नट निघाला १३.३ मिलिमीटरचा. तेरात बसत नाही, चौदात फिरतो.

हा आकडा मी आधी कुठेतरी पाहिला होता. घरी माळ्यावर आजोबांची खाकी कापडाची पिशवी होती. आजोबा गिरणीत फिटर. त्यांच्या पान्यांवर विचित्र खुणा होत्या: एका बाजूला ‘१/४ डब्ल्यू’, त्याखाली ‘५/१६ बीएस’. लहानपणी मी पट्टीने मोजून पाहिलं होतं, पाव इंचाचा पाना पाव इंच नव्हताच, त्याच्या दुपटीहून मोठा होता. पिशवी खाली काढली तेव्हा आजी म्हणाली, “कशाला काढतोस? त्यातला एकही पाना कुठल्या नटाला लागत नाही.”

लागला. टिचकीसारखा आवाज करत बसला.

यामागची गोष्ट मँचेस्टरमध्ये सुरू होते. १८४१ पर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे स्क्रू वेगळे होते. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या कारखानदाराने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सगळ्यांतून एक मधला मार्ग काढला. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे हे ठरलेलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला स्टँडर्ड म्हणतो, ते हेच. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंची दांड्याच्या बोल्टचं डोकं ०.५२५ इंचाचं, म्हणजे १३.३ मिलिमीटरचं. ‘बीएस’ म्हणजे व्हिटवर्थचाच बारीक आट्यांचा भाऊ, त्याची डोकी एक नंबर लहान. म्हणून एकाच तोंडावर दोन आकडे.

मुंबईला भारताचं मँचेस्टर म्हणत, ते फक्त कापडामुळे म्हणत असं मला वाटायचं. पण गिरण्यांमधली यंत्रंसुद्धा लँकेशायरमधून आली. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी. यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे आले, ते आटे पाडणारे टॅप आणि डाय आले, ते पाने आले. परळ, लालबाग, शिवडी, वरळी इथल्या गिरण्यांच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेल्या प्रत्येक फिटरच्या हाताला ५५ अंशांचा कोन पाठ होता. कोकणातून किंवा घाटावरून आलेला, बारा बाय बाराच्या खोलीत राहणारा माणूस मँचेस्टरच्या मापात विचार करत होता.

आता गाडीकडे येऊ. एमजी म्हटलं की तुम्हाला हेक्टर आठवेल. मूळ एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं. टीसी मॉडेल १९४५ ते १९४९ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलं, सुमारे दहा हजार गाड्या. इंजिन १२५० सीसीचं. युद्धानंतर ब्रिटनला परकीय चलन हवं होतं, म्हणून निर्यात करणाऱ्या कारखान्यालाच पोलाद मिळे. त्यामुळे बऱ्याच टीसी परदेशी गेल्या. काही मुंबईला उतरल्या.

या इंजिनात एक गंमत आहे. नट इंग्रजी, पण आटे फ्रेंच! पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. तो १९२३ मध्ये मॉरिसने विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलण्याऐवजी मॉरिसने आटे मेट्रिकच ठेवले आणि बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थची केली, म्हणजे इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्याचा पाना चालावा. आमच्या मॅनिफोल्डचे स्टड ८ मिलिमीटरचे, एक-एक मिलिमीटरवर आटा. तेव्हाही ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला सव्वा मिलिमीटरवर आटा असे. म्हणजे हा बोल्ट इंग्लंडमध्ये परका, आणि मुंबईत तर दुकानात मिळणारच नाही असा.

मग सत्तरहून अधिक वर्षं ही गाडी मुंबईत चालली कशी?

शिवडीलाच मोटारींचा जुना इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये इथे शेव्हरोले जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने येत, शिवडीत गाडी उभी राही. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं. पूर्ण बांधलेल्या गाड्यांची आयात आवळली. नुसती जोडणी नको, देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम हवा, अशी अट आली. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डही गेली. कुर्ल्याच्या प्रीमिअरने फियाट बनवली, तिकडे उत्तरपाड्यात अँबेसेडर बनली. देशाच्या दृष्टीने धोरणात तथ्य होतं. गाड्यांचे भाग बनवणारा आपला उद्योग त्यातूनच उभा राहिला. पण ज्यांच्याकडे आधीच एखादी टीसी होती, त्यांच्यासाठी दार बंद झालं. सुटा भाग हवा तर परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत आणायचा, चोरबाजारात शोधायचा, नाहीतर बनवून घ्यायचा.

आणि गाडी तर हट्टी. चेसिस लोखंडाची, पण त्यावरचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा. मुंबईच्या चार पावसाळ्यांत ते दाराच्या बिजागरीपाशी कुजायला लागतं. मग सुतार लागतो. बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं, आपल्या सवयीच्या उलट. विसरलात तर वायरिंग जळेल. दोन एसयू कार्बोरेटर, दोघांचा श्वास सारखा हवा. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुसकारा ऐकायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि त्याचे पॉइंट चिकटतात. तेव्हा पान्याने हलकी टिचकी मारायची; टक-टक सुरू झालं की गाडी निघाली. हे सगळं मला अंकलनी शिकवलं. अंकल म्हणजे गाडीचे मालक, दादर पारसी कॉलनीतले, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली होती.

मॅनिफोल्ड निघाल्यावर सहा स्टड दिसले. पाच सारखे. सहावा जाड वाटला, म्हणून काढला.

तो एक स्टड नव्हता, दोन होते, एकाच सळईतून कातलेले. नटाकडचं टोक ८ मिलिमीटर, आटे एक मिलिमीटरवर. इंजिनात जाणारं टोक जाड, तीन अष्टमांश इंच. आटे मोजायची पाती लावली: इंचामागे वीस, कोन ५५ अंश. म्हणजे कधीतरी इंजिनातल्या भोकाचे आटे गेले होते. तो फ्रेंच मापाचा टॅप इथे मिळाला नसणार. म्हणून कुणीतरी भोक मोठं करून आपल्याकडे होता तो इंग्रजी टॅप मारला, आणि मूळ नट तसाच चालावा म्हणून बाहेरचं टोक फ्रेंच ठेवलं.

लेथ माहीत नसेल त्याला यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हाच्या इंग्रजी लेथचा मुख्य स्क्रू इंचांत असे. त्यावर अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर लागतं. का १२७? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. त्याहून लहान पूर्ण आकडा सापडत नाही. ज्याने हा स्टड कातला त्याच्याकडे ते गिअर होतं, किंवा त्याच्या जवळ जाणारी दुसरी जोडी त्याने हिशोब करून लावली होती. एका स्टडसाठी! अंकलना एवढंच आठवतं, की ‘लालबागचा कोणीतरी गिरणीतला माणूस, पाळी सुटल्यावर एका गाळ्यात लेथवर बसायचा.’ नाव आठवत नाही.

तो माणूस माझे आजोबा होते असं मी म्हणत नाही. आजोबा फिटर होते, टर्नर नव्हते. पण त्यांच्यासारखे हजारो होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले. संप संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. कितीतरी जणांना गिरणीने परत घेतलं नाही, आजोबा त्यांतलेच. नंतर एकेक गिरणी बंद झाली, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. यंत्रं भंगारात गेली. गिरणगावाच्या इतिहासात कापड येतं, संप येतो, शाहीर येतात, दशावतार येतो. वर्कशॉपमधलं हे कसब मात्र कुठे नोंदलेलं नाही, कारण त्याचं फळ म्हणजे बंद न पडलेलं यंत्र. न बिघडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

आता खरा प्रश्न. अंकल गाडी विकतायत. घेणाऱ्याला ती ‘ओरिजिनल’ हवी आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. एका स्टडने नोंदणी अडणार नाही. पण घेणाऱ्याचा माणूस यादी घेऊन आला होता. इंग्लंडहून टीसीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मागवता येतो, आठवडाभरात कुरिअरने. त्याच्या यादीत आमचा स्टड होता, पुढे शेरा: ‘लोकल जुगाड, बदलणे.’

‘जुगाड’ या शब्दाने मला राग आला. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. इथे वेळ मारून नेली नव्हती. पन्नासेक वर्षं गरम-थंड होऊन एक आटा हलला नव्हता. आमच्या कामात जुन्या कोडमध्ये असा एखादा तुकडा सापडतो. लिहिणारा सोडून गेलेला, कारण लिहिलेलं नाही, पण तो काढला की सिस्टिम कोसळते. तेव्हा शहाणा माणूस आधी विचारतो, की हे इथे का आहे?

गाडीचं ओरिजिनल म्हणजे काय? ॲबिंग्डनहून निघाली तो एकच दिवस? तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. जी गाडी आज शिवडीत उभी आहे ती एक वर्ष इंग्लंडची आणि सत्तरहून अधिक वर्षं मुंबईची आहे. इथला सुतार, इथला टर्नर काढून टाकले तर उरेल ती जास्त खरी गाडी नसेल, फक्त कमी जगलेली असेल.

हे मी अंकलना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि यादीतली ती ओळ खोडली. घेणाऱ्याला ते म्हणाले, की बाकी सगळं बदला, हा राहील, नाहीतर गाडी राहील. घेणारा हसला, पण तयार झाला. स्टडचं चित्र, मापं, आटे हे सगळं मी एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलंय. करणाऱ्याचं नाव या रकान्यात लिहिलं: लालबाग, गिरणी कामगार.

शेडबाहेर आलं की अटल सेतू सुरू होतो. त्यावरून एमजीच्या नव्या गाड्या जातात. त्या बनतात गुजरातेत, हालोलच्या कारखान्यात. शिवडी सोडून गेलेली जनरल मोटर्स पुन्हा भारतात आली तेव्हा तिनेच तो चालवला होता. त्या गाड्यांचे सगळे नट मेट्रिक, पूर्ण आकड्यांचे.

पिशवी मी माळ्यावर परत ठेवली नाही. ती गॅरेजमध्येच असते, खिळ्याला टांगलेली. आजीला सांगितलं, की एक नट सापडला. ती म्हणाली, “बघ, मी म्हणत होते ना, टाकू नको.”