कुडा लेण्यांतील दाते आणि आंतरजालावरील वारसा

पेणहून नागोठण्याच्या वाटेने रोह्यास व तेथून दक्षिणेस उतरले की राजपुरी खाडीच्या एका फाट्यावर कुडा हे लहानसे गाव लागते. तेथील डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. जवळचे मांदाड हेच ग्रीक वृत्तांतातील मंदगोर बंदर असावे, असे काही संशोधक मानतात. लेण्यांच्या वास्तुरचनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो शिलालेखांचा, आणि आज ते सामान्य उपासकाच्या हाती कसे पडतात याचा.

लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. त्यांत मांदव कुळातील महाभोजांच्या पदरी असलेला लेखक शिवभूती भेटतो. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने लेणे दिले, शिल्पकाम त्याची पत्नी विजया व मुलगे यांनी, तर खांब मुलींनी. एकाच लेण्यात कुटुंबातील प्रत्येकाचे दान वेगळे नोंदवावे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक, वैद्य सोमदेव, एक माळी, ब्राह्मण उपासक अयितिलू याची पत्नी भयिला, अशी ही दात्यांची मांदियाळी आहे. भिक्खुणी पदुमनिका ही तर प्रव्रजित नागनिकेची कन्या व दोन स्थविरांची भाची. तिच्या दानात बोधी आणि असाळ्हमिता या अंतेवासिनी सहभागी आहेत. भिक्खुणीसंघातील गुरुशिष्यपरंपरेचा असा शिलांकित पुरावा आपल्या जिल्ह्यात आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये हे लेख प्रसिद्ध केले. ल्यूडर्स यांच्या १९१२ च्या सूचीतही ते आहेत. हे ग्रंथ आता आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. पूर्वी त्यांसाठी मुंबई-पुण्याची ग्रंथालये गाठावी लागत. तरीही वाट मोकळी झालेली नाही. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. जुन्या साधनांत जिल्ह्याचे नाव कुलाबा आहे; १९८१ मध्ये ते रायगड झाले, त्यामुळे 'रायगड' शब्दाने शोधणाऱ्यास जुनी नोंद सापडत नाही. शिवाय छायाचित्रित पानांवरील मजकूर संगणक वाचतो तेव्हा रोमन अक्षरांवरील रेघा व टिंबे बिघडतात आणि पदुमनिकेचे नाव ओळखूही येत नाही.

यातील विसंगती अशी की मूळ शब्द आपणांस परके नाहीत. लेण, देयधंम, भदंत, उपासक, अंतेवासिनी! विहारात पाली वंदना म्हणणाऱ्यास यांचा अर्थ इंग्रजीवाचून लागतो. म्हणून प्रत्येक लेखाचे देवनागरी लिप्यंतर, लेणे क्रमांक, दात्याचे नाव व सरळ मराठी अर्थ अशी सूची तयार करून ती आंतरजालावर ठेवणे हे विहारांच्या आवाक्यातील काम आहे. नावांचे संस्कृतीकरण मात्र टाळावे. पदुमनिकेची पद्मिनी केली, तर तिला शिलालेखात शोधणे पुन्हा अशक्य होईल.