मांडीची जागा

डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल १९३८ असेल, आणि चार वर्षांचा मुलगा तापाने फणफणून तुमच्या मांडीवर पडलेला असेल.

तुम्ही रायपुरात आहात, तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरात. हा मुलूख अजून मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोडतो. राजधानी नागपूर, तिथे पोचायचं तर बंगाल-नागपूर रेल्वेने जवळजवळ तीनशे किलोमीटर. भोसल्यांच्या अमलात घराणं इकडे आलं आणि इथलंच झालं. माजघरात मराठी, ओट्यावर छत्तीसगढी. गावात महाराष्ट्र मंडळ निघून तीन वर्षं झालीत.

मुलगा कण्हतो आहे. पायाची हाडं आतून ठणकतात म्हणतो. दीड वर्षाचा होता तेव्हा दोन्ही हातांचे पंजे असेच सुजले होते, आणि तुम्ही रात्रभर एरंडाची पानं शेकून बांधली होती. डोळ्यांत पिवळट झाक आहे. शेजारच्या काकू त्याचं पोट चाचपतात आणि म्हणतात, "पानथरी वाढलीय गं. हिवतापच हा." डॉक्टर कोयनेल देतात. वैद्य वात म्हणतात. जाऊबाई काहीच म्हणत नाहीत, पण तुमच्याकडे बघतात, आणि त्या बघण्याचा अर्थ तुम्हाला कळतो: हिच्या पायगुणाने.

कोयनेल घेऊनही ताप हटत नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस बोलावला जातो. तो चुलीत विळ्याचं टोक तापवतो. पानथरीवर डागणी दिली की ती बसते, असं सगळेच मानतात, तुम्हीही मानता. मुलाचे हात धरायचं काम तुमचं. तो किंचाळतो, आणि किंचाळताना तुमच्याकडेच बघतो.

इथे मी क्षणभर थांबते. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने १९१० सालीच एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहून लिहून ठेवल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं झाली. ती बातमी तात्यापाऱ्यात पोचलेली नाही. पोचलाय तो चुलीतला विळा.

पुन्हा डोळे मिटा.

१९५८. घर तेच, मांडी तीच, मूल तेच चार वर्षांचं. देश स्वतंत्र झालाय. या वर्षी शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या लोकांमध्ये सिकलसेलचा, म्हणजे त्या विळ्यासारख्या पेशींचा, गुण सापडल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय. आदल्याच वर्षी केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रामने दाखवलं होतं की हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या एका साखळीत फक्त सहावा दुवा बदललेला असतो. एवढ्याने पेशी कडक होते, वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. जिथे अडकते तिथे हाड ठणकतं. एरवी १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत मरते, म्हणून डोळे पिवळे आणि अंग पांढरंफटक. आणि तो दुवा मुलाला आईकडूनही यावा लागतो, वडिलांकडूनही. जाऊबाईंना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

पण तुमच्यासमोर बसलेल्या डॉक्टरांच्या हातात हे नाव अजून आलेलं नाही. त्यांना दिसतोय रक्त कमी झालेला एक पोरगा. काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून निघते. सुई वापरून वापरून बोथटलेली. शीर सापडत नाही. एकदा, दोनदा, तीनदा. मग मनगट सोडून पाऊल.

रात्री वॉर्डात त्याच्या खाटेखाली तुम्ही चटई अंथरता. कुणी हटकत नाही. मुलाला भरवायला, पुसायला दुसरं कुणी नाही, म्हणून आई राहते. त्यामागे काही विचार आहे असं कुणाला वाटत नाही, तुम्हालाही नाही.

आता थोडं मागे आणि जरा लांब जाऊन बघा. लंडन, १९४९. तिथलं इस्पितळ स्वच्छ आहे, फरशी आरशासारखी. तुम्ही मुलाला नर्सच्या हाती देता आणि दार बंद होतं. सेंट थॉमस इस्पितळात पहिला महिनाभर आईबापांनी भेटायचं नाही. संध्याकाळी सात ते आठ मूल झोपलेलं असताना लांबून बघायचं. गाइज इस्पितळात रविवारी दुपारी दोन तास. कारण सांगितलं जातं: आई आली की मूल रडतं, गेली की जास्त रडतं, त्यापेक्षा न आलेलीच बरी. चार दिवसांनी मूल रडायचं थांबतं, आणि वॉर्डातल्या माणसांना वाटतं, रुळलं.

ते रुळलेलं नसतं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने अडीच वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस साध्या कॅमेऱ्याने टिपले. ती आक्रस्ताळेपणा करत नाही. ती फक्त हळूहळू मिटत जाते. १९५२ साली तो चित्रपट दाखवला तेव्हा बरेच डॉक्टर रागावले. तरी १९५९ मध्ये सरकारी समितीच्या प्लॅट अहवालाने शिफारस केली की आईबापांना मुलाजवळ येऊ द्या, लहानग्यांच्या आईला राहू द्या. तुमची चटई तिथे अहवालाने पोचली. गरिबीने आणि नाइलाजाने आपल्याकडे जे घडत होतं ते योग्य होतं, हे मला ठामपणे म्हणायचंय. आपण ते कधी अभिमानाने सांगितलं नाही, म्हणून नव्या चकचकीत इमारती बांधताना ते सहज सोडून देतो.

१९८७. मुलाच्या वेदनेबद्दलची सगळ्यात कठीण गोष्ट या वर्षीची आहे. तोवर अनेक ठिकाणी अगदी लहान बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. स्नायू शिथिल करायचं औषध दिलं की बाळ हलत नाही. बाळांना कळत नाही, लक्षात राहत नाही, भूलच धोक्याची, अशी समजूत. इंदूरच्या महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं रक्त तपासून दाखवलं की वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कितीतरी कमी येतो. हलू न शकणारं बाळही आतून ओरडत होतं.

याच सुमाराला दोन गोष्टी सिकलच्या मुलांसाठी झाल्या. १९८६ मध्ये अमेरिकेत दिसलं की तीन वर्षांखालच्या मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास आठ महिने आधीच थांबवून सगळ्यांना औषध दिलं गेलं. आणि जमैकात डॉक्टरांनी आयांना पानथरी चाचपायला शिकवलं. अचानक रक्त पानथरीत साचून मुलं काही तासांत दगावत; आईची बोटं ती फुगलेली आधी ओळखू लागली आणि ते मृत्यू पुष्कळ कमी झाले. काकूंनी १९३८ साली जे केलं तेच. फक्त या वेळी त्यानंतर विळा तापवला गेला नाही, मुलाला रक्त दिलं गेलं.

आता उघडा डोळे. आजचं रायपूर. सिकलसेल संस्था २०१३ पासून आहे, एम्स आहे. डॉ. पी. के. पात्रा आणि सहकाऱ्यांनी रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून जास्त लोक तपासले, तेव्हा दर शंभरांत नऊहून अधिक जण वाहक निघाले. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तुमच्या पिशवीत अहवाल आहे, त्यावर एसएस पॅटर्न लिहिलंय, म्हणजे बदललेला दुवा दोन्हीकडून आलेला, हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे. पण डोक्याच्या सोनोग्राफीत मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढलेला दिसला. अशा मुलांना नियमाने रक्त चढवलं तर पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालंय. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी रक्ताची पिशवी. म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी सुई.

रिक्षा इस्पितळाच्या रस्त्याला वळली की तो ओळखतो. बोलणं थांबवतो, हात बगलेत लपवतो.

"आई, आज किती वेळा टोचणार?"

माझ्या मुलाला मी मागच्या वर्षी दिलेलं उत्तर होतं, "टोचणारच नाही रे." ते खोटं होतं. त्यानंतर मी पाणी पी म्हटलं तरी तो माझ्याकडे संशयाने बघायचा. तुम्ही खरं सांगा: "टोचतील. मुंगी चावल्यासारखं नाही, त्याहून जास्त दुखेल. मग संपेल. मी तिथेच असेन."

खोलीच्या दाराशी सिस्टर म्हणतात, "मम्मी, आप बाहर बैठिए." आत टेबल आहे. टेबलावर आडवं पाडायचं, एकाने पाय धरायचे, एकाने खांदे. मूल लढतं, हात थंड पडतो, शिरा आखडतात, आणि मग सगळे म्हणतात याची शीरच सापडत नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत एका इस्पितळात हे सात महिने चाललं, आणि सातही महिने मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, याचं दुःख मला अजून आहे.

तुम्ही म्हणा, "सिस्टर, मैं गोद में लेके बैठती हूँ. हिलने नहीं दूँगी."

मग असं बसा. त्याची छाती तुमच्या छातीला, पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेतून मागे मोकळा सोडलेला. हे पकडणं नाही, मिठी आहे, पण हात हलत नाही. घरून निघताना भरपूर पाणी पाजलेलं असू द्या, शीर भरते. हात कोमट फडक्याने शेकलेला. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर बधिर करणारं मलम तासभर आधी लावून झालेलं. कुठला हात, ते त्याला ठरवू द्या. बाकी काहीच त्याच्या हातात नाही. साबणाचे फुगे न्या. लांब फुंकर घालताना श्वास सुटतो आणि दंड सैल पडतो. बोलायचं एकाच माणसाने. चार जण "झालं झालं" म्हणाले की कुणाचंच ऐकू येत नाही.

तो रडेल. रडू द्या. "शूर मुलं रडत नाहीत" असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, प्रेमानेच म्हणायच्या, पण त्याने माझा मुलगा दुखण्यात एकटा पडायचा.

लाल थेंब नळीत दिसतो. चिकटपट्टी लागते. तो मान वर करून विचारतो, "झालं?" आणि या वेळी तुम्ही खरं सांगता: झालं.

पिशवी संपायला तीन-चार तास लागतात. तो तुमच्या मांडीवरच झोपतो. शेजारच्या खाटेवर महासमुंदकडून आलेली एक बाई तुमच्याकडे बघत असते. तिची मुलगी अजून आत जायची आहे. तिला सांगा कसं बसायचं ते. आणि तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल पुढच्या आठवड्यात रक्त घ्यायला, केमोला, टाके काढायला जाणार असेल, तर सुई हातात घेतली जाण्याआधी एवढंच विचारा: "याला मांडीवर घेऊन बसू का?"