धानाची उंची

रायपूर शहराच्या पूर्व अंगाला तेलीबांध्याचा जुना तलाव आहे. तो मागे टाकून लाभांडीच्या वाटेला लागले की इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा परिसर येतो. छत्तीसगडच्या धानाचे हजारो देशी वाण तेथे जतन केलेले आहेत. गुरमटिया, सफरी, दुबराज ही त्यांतील काही नावे. यांपैकी पुष्कळसे वाण चांगले उंच वाढणारे. धान उंच का होते आणि बुटके का राहते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत याच प्रश्नाने वनस्पतिशास्त्राला नवे दालन उघडून दिले, आणि कोट्यवधी लोकांच्या अन्नाचा हिशेबही बदलून टाकला.

या इतिहासाचा आरंभ एका रोगापासून होतो. जपानी शेतकरी ज्याला ‘बाकानाए’, म्हणजे ‘मूर्ख रोप’, म्हणत, त्या रोगाने धानाची रोपे भराभर उंच होत, फिकी पडत आणि दाणा न धरताच मरून जात. १९२६ साली तैवानमध्ये कुरोसावा यांनी दाखविले की, ही उंची रोगकारक बुरशीने निर्माण केलेल्या द्रव्याची करामत आहे. १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्याला ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. पुढे असे आढळले की, निरोगी वनस्पतीही आपल्यापुरते जिबरेलिन स्वतःच तयार करीत असतात. जे बुरशीच्या हाती विष ठरले, तेच वनस्पतीच्या हाती वाढीचे साधन होते. भेद होता तो केवळ प्रमाणाचा.

हे प्रमाण वनस्पती राखतात कसे? याचे एक उत्तर ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या अभ्यासातून मिळाले. १९५५ साली आंद्रेए आणि गुड या संशोधकांना असे दिसले की, वाटाण्याच्या रोपांना बाहेरून ऑक्झिन दिले असता त्यांच्या ऊती त्याची ॲस्पार्टिक आम्लाशी रासायनिक गाठ बांधतात, आणि अशा रीतीने जास्तीचे संप्रेरक निकामी होते. पुढे बंडुर्स्की यांनी मक्याच्या दाण्याचा अभ्यास करून दाखविले की, त्यातील बहुतेक ऑक्झिन असे बद्ध स्वरूपातच असते. कोंब फुटू लागला की ही गाठ सुटते आणि संप्रेरक कामाला लागते. कोषागारातील रकमेसारखाच हा प्रकार आहे. रक्कम असते, पण आज्ञेवाचून ती खर्ची पडत नाही. जिबरेलिनही साखरेशी असेच जोडले जाऊन निष्क्रिय होते. संप्रेरक निर्माण करण्याइतकेच ते बांधून ठेवणे आणि वेळीच सोडणे महत्त्वाचे, हा यातील बोध.

इकडे शेतावर निराळाच इतिहास घडत होता. उंच धानाला भरपूर खत दिले की ताट लांबते, लोंबीचे वजन त्याला पेलत नाही आणि पीक लोळते. १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आय. आर. ८’ हा बुटका वाण दिला, आणि आशिया खंडातील भातशेतीचे रूप पालटले. त्याच्या बुटकेपणाचे कारण मात्र २००२ साली उलगडले. जिबरेलिन घडविणाऱ्या एका विकराचे जनुक त्याच्यात सदोष होते. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी धानातच जिबरेलिनचा ग्राहक शोधून काढला. जिबरेलिन या प्रथिनाला चिकटले म्हणजे ते वाढ रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला पकडते, पेशी त्या अडसराचा नाश करते, आणि वाढ मोकळी होते.

मग उंच वाण टाकाऊ ठरले काय? डॉ. राधेलाल रिछारिया यांना तसे वाटत नव्हते. १९५९ साली कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झालेल्या या शास्त्रज्ञाने परदेशी बुटके वाण घाईने आणण्यास विरोध केला. त्यांबरोबर रोगकिडीही वाढतील, असा त्यांचा इशारा होता. १९७० नंतरच्या दशकात रायपूरला राहून त्यांनी सुमारे १९ हजार देशी वाणांचा संग्रह केला. छत्तीसगडचा शेतकरी पावसाचे पाणी बांधांत साचले की उभ्या पिकातून नांगर फिरवितो. या पद्धतीला ‘बियासी’ म्हणतात. तीत तगून राहणारे, चिखलातून पुन्हा डोके वर काढणारे वाण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने सिद्ध झालेले आहेत.

ज्या वर्षी बुटकेपणाचे जनुक हाती आले, त्याच २००२ साली या संग्रहावरून रायपुरात वादळ उठले. सिंजेंटा या कंपनीशी विश्वविद्यालयाने आरंभलेल्या सहकार्याला शेतकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. या बियाण्यावर अधिकार कोणाचा, हा त्या वादाचा गाभा होता.

एका जनुकातील दोषाने एका पिढीची भूक भागविली, हे खरे. पण पाणी, ऊन आणि माती यांचे मान बदलले की वाढीचे वेगळे प्रमाण लागते, आणि ते प्रमाण सांभाळणाऱ्या नाना युक्त्या या हजारो वाणांत बंदिस्त आहेत. मक्याच्या दाण्यातील ऑक्झिनप्रमाणे त्या आज निष्क्रिय भासतात इतकेच. त्यांची गाठ सुटण्याची वेळ येईपर्यंत त्यांना जिवंत ठेवणे, हे काम मात्र माणसाचे आहे.