किर्लोस्कर मंडळीचीं पहिलीं पांच वर्षें

कोणत्याहि कलावंतमंडळीचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहजच तिच्या वैभवकाळाकडे धांव घेते. भरलेलीं नाटकगृहें, संस्थानिकांचा आश्रय, भरजरी शालू आणि मखमली पडदे ह्या गोष्टी सांगावयास सोप्या आणि ऐकावयास गोड असतात. परंतु मंडळीचें खरें स्वरूप ठरून जातें तें त्याच्या पूर्वींच्या चार-पांच वर्षांत. त्या वेळीं नांव नुकतें कोठें लोकांच्या कानीं पडूं लागलेलें असतें. उद्यांचा मुक्काम ठरलेला असतो, पण परवांचा ठरलेला नसतो. आणि नवें कांहीं रचावयास सवड सांपडते ती दोन मुक्कामांच्या मधल्या फटींत. इंग्लंडांतील बीटल्स नांवाच्या चौघां तरुणांच्या वाद्यवृंदाची हकीकत आमच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. १९६० ते १९६२ पर्यंत हँबुर्ग शहरांतील गुत्त्यांतून रात्रीच्या रात्री गाऊन तयार झालेली ही मंडळी १९६३ च्या फेब्रुवारींत गांवोगांव कार्यक्रम करीत हिंडत होती. मध्येंच ११ तारखेस ती लंडनास आली, आणि त्या एका दिवसांत दहा गाण्यांचें ध्वनिमुद्रण उरकून पुन्हां आपल्या दौऱ्यावर गेली. हें ऐकून तरुणांस नवल वाटतें, व वाटावें हें योग्यच आहे. परंतु अशी धांवपळ, आणि धांवपळींतूनच निपजलेली अशी कृति, आपल्याकडे कधीं झालीच नाहीं अशी जी त्यांची समजूत दिसते ती मात्र बरोबर नाहीं. किर्लोस्कर नाटकमंडळीचीं १८८० ते १८८५ हीं वर्षें ज्यानें बारकाईनें पाहिलीं आहेत त्यास बीटल्सची कथा फारशी परकी वाटणार नाहीं.

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें १८४३ सालीं झाला. नाटकाचा नाद त्यांस पहिल्यापासूनच होता. बेळगांवीं त्यांनीं एक नाटकमंडळी काढून पाहिली होती, आणि ‘शांकरदिग्जय’ हें गद्य नाटकहि १८७३ त लिहिलें होतें. परंतु ज्या गोष्टीनें त्यांचें नांव राहिलें ती गोष्ट त्यांच्या हातून वयाच्या सदतिसाव्या वर्षीं घडली. तीहि पुण्यांत, सरकारी कचेरींत नोकरी करीत असतांना. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग त्यांच्या पाहण्यांत आला आणि असें गातें नाटक मराठींत कां होऊं नये हा विचार त्यांच्या मनानें घेतला, असें सांगतात. कालिदासाचें शाकुंतल त्यांनीं हातीं घेतलें व ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, धनत्रयोदशीच्या दिवशीं, बुधवार पेठेंतील आनंदोद्भव नाटकगृहांत त्याचा पहिला प्रयोग केला. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचें संगीत नलदमयंती त्याच्या आदल्याच वर्षीं मुंबईकडे झालेलें होतें, तेव्हां अग्रपूजेचा मान कोणाचा हा वाद रसिकांनीं पाहिजे तर खुशाल घालावा. आम्हांस त्यांत गोडी नाहीं. प्रेक्षकांस वेड लाविलें तें शाकुंतलानें, ह्याविषयीं दुमत नाहीं.

आतां एका गोष्टीकडे आम्हीं वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ती पुष्कळांनीं नमूद केली आहे, पण तिचा अर्थ क्वचितच कोणी लाविला आहे. शाकुंतलाच्या त्या पहिल्या प्रयोगांत नाटक सात अंकांचें असूनहि केले ते पहिले चारच अंक. पुढें १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं सौभद्र रंगभूमीवर आलें, तें तीन अंकांचें. पांचहि अंक लोकांस पहावयास मिळाले ते पुढच्या सालीं. १८८४ सालीं रामराज्यवियोग आलें, तेंहि तीन अंकांचें. आणि तें तेवढेंच राहिलें, कारण पुढें २ नोव्हेंबर १८८५ रोजीं अण्णासाहेब बेचाळिसाव्या वर्षीं गुर्लहोसूर येथें वारले. तीन नाटकें, आणि तिन्हीं अपुरीं असतांनाच प्रयोगास लागलेलीं! हा योगायोग म्हणावा काय? आमच्या मतें नाहीं. ज्यास नाटक छापून मित्रमंडळींत वांटावयाचें आहे तो शेवटचा अंक होईपर्यंत थांबूं शकतो. ज्याच्या मागें पंगतीस बसणारीं माणसें आहेत त्यास थांबतां येत नाहीं. मंडळी एकदां उभी राहिली कीं रोजचा शिधा, नटांचे पगार, गाडीभाडें आणि नाटकगृहाचें भाडें हीं तिच्या मागें लागलीं. शाकुंतल एकदां पाहिलेल्या गांवास दुसऱ्या खेपेस कांहीं नवें द्यावयास पाहिजे. तेव्हां झाले तेवढे अंक उभे करावे, त्यांवर लोकांची नाडी पहावी आणि उरलेलें पुढें लिहावें, असा हा क्रम दिसतो. विद्वानांस ही घाई आवडणार नाहीं. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, सौभद्राचा जो चपळपणा आहे, जें त्यांत कोठेंहि पुस्तकी जडत्व आढळत नाहीं, त्याचें कांहीं श्रेय ह्या घाईसच दिलें पाहिजे. नट समोर आहेत, कोणाचा गळा कोठें चढतो हें ठाऊक आहे, कालच्या रात्रीं प्रेक्षक कोठें हंसले हें ताजें आहे, अशा स्थितींत लिहिलेलें तें नाटक आहे.

गळ्यांची निवडहि अशीच चालतां चालतां झाली. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गाते नट आरंभापासून होते. परंतु १८८२ सालीं बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर हा एकोणीस वर्षांचा तरुण मंडळींत आला आणि सारा रंगच पालटला. बडोद्यास तो पोलीसखात्याच्या कचेरींत कारकून होता असें सांगतात. त्यानें शकुंतलेची भूमिका घेतली, पाठोपाठ सुभद्रेची घेतली, आणि ‘भावड्या’ हें त्याचें घरगुती नांव गांवोगांवच्या रसिकांच्या तोंडीं बसलें. ‘मंडळी आली’ असें न म्हणतां ‘भावड्या आला’ असें लोक म्हणूं लागले कीं त्या मंडळीचें भाग्य उदयास आलें असें समजावें. आणि तिच्या पुढच्या भांडणांचें बीजहि त्याच वेळीं पेरलें गेलें असें समजण्यास हरकत नाहीं.

ह्या फिरतीचा विचार करतांना आम्हां नगरकरांस एक गोष्ट विशेषें जाणवते, ती म्हणजे आगगाडी. विष्णुदास भावे यांस १८५१ त सांगलीचा राजाश्रय तुटल्यावर मंडळी घेऊन बाहेर पडावें लागलें. १८५३ च्या आरंभीं त्यांनीं मुंबईस खेळ केले, तेव्हां ह्या देशांत आगगाडी धांवावयाची होती; मुंबई-ठाणें गाडी निघाली ती त्याच वर्षीं १६ एप्रिलास. पुढें रूळ वाढले, तरी पुण्याहून मनमाडाकडे जावयाचें तर बोरघाट उतरून कल्याणास जावें आणि तेथून थळघाट चढून नाशिकावरून पुढें जावें, असा वळसा पडे. १८७८ सालीं दौंड-मनमाड हा फांटा अहमदनगरावरून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरावरून, सुरू झाला आणि हे दोन्हीं घाट टळले. किर्लोस्कर मंडळीचा जन्म त्यानंतर दोनच वर्षांनीं झाला आहे. पडदे, कपड्यांच्या ट्रंका, वाद्यें, स्वयंपाकाचीं भांडीं, आचारी, लहान मुलें असा पन्नास माणसांचा संसार खानदेश, वऱ्हाड, इंदूर इकडे हलविणें हें आतां मराठी नाटकवाल्यांच्या आवांक्यांत आलें. संगीत नाटकाच्या उदयाचीं कारणें सांगतांना कालिदास, पारशी रंगभूमि आणि इंग्रजी शिक्षण ह्यांचीं नांवें सर्वजण घेतात. विसापूर, राहुरी, बेलापूर, कोपरगांव ह्या स्टेशनांचें नांव कोणी घेत नाहीं!

अर्थात् जेथें रूळ नाहीं तेथें एवढा पसारा नेणें जड जाई. संगमनेर, अकोलें, शेवगांव, पाथर्डी, जामखेड हा आमच्या जिल्ह्याचा मोठा भाग रुळांपासून दूर पडला, आणि तेथील रात्री गाजविल्या त्या तमाशाच्या फडांनीं. नाटकमंडळ्यांची फिरती कशी असे हें ज्यास डोळ्यांनीं पहावयाचें आहे त्यानें जुन्या आठवणींच्या पुस्तकांपेक्षां हे फड पहावे. संगमनेरास स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर (१९३९-२०२१) यांचें सारें आयुष्य असल्या फिरतींत गेलें. तुकाराम खेडकर १९६४ त वारल्यावर त्यांनीं स्वतःच्या बळावर पुन्हां फड उभा केला, आणि त्यांची पुढची पिढीहि तोच धंदा करीत आली. दसऱ्यास बाहेर पडावयाचें तें वैशाखापर्यंत परतावयाचें नाहीं. चैत्रांत जत्रांची गर्दी झाली म्हणजे आज या गांवीं खेळ, पहांटे तंबू उतरून उद्यां पुढच्या गांवीं. सुपाऱ्या घ्यावयास पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पंच तेथें येऊन तारखा ठरवितात. प्रतिष्ठित रंगभूमीच्या इतिहासकारांस ही तुलना रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. परंतु मुक्कामाचें शास्त्र दोघांचें एकच आहे, आणि कर्जाचेंहि.

असो. बीटल्सच्या कथेंत दौऱ्याबरोबर ध्वनिमुद्रणहि आहे. किर्लोस्करांच्या कथेंत त्याच्या जागीं काय होतें? एक होतें छापील पुस्तक, आणि दुसरें लोकांचे कान. अण्णासाहेबांनीं चाली निवडल्या त्या पुष्कळशा लोकांच्या ओळखीच्या: कीर्तनांतील साकी आणि दिंडी, लावणीची चाल, कानडी मुलखांतील पदांच्या चाली. प्रेक्षक नाटकगृहांतून बाहेर पडतांना तें पद तोंडांत घोळवीतच बाहेर पडे, कारण त्याची चाल त्याच्या घरांत पूर्वींच नांदत होती. नवे असत ते केवळ शब्द. दुसऱ्या दिवशीं पुस्तक मिळालें म्हणजे शब्दहि पुरे होत. मंडळी पुढच्या गांवीं जाई आणि मागें नाटक राहून जाई. ह्या रीतीनें पद टिकलें, चालहि बरीचशी टिकली. टिकला नाहीं तो आवाज.

त्या आवाजाविषयीं काळानें मोठी निष्ठुर थट्टा केली आहे. भाऊराव पुढें मृच्छकटिकांत वसंतसेना झाले, शारदेंत कोदंड झाले, आणि १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं, चाळिशी गांठण्यापूर्वींच, वारले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा गृहस्थ आपलें यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरला, आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यांत गायिली, ती १९०२ च्या नोव्हेंबरांत. पावणेदोन वर्षांचें हें अंतर! बीटल्सनीं ज्या ई.एम.आय. कंपनीसाठीं तीं दहा गाणीं गायिलीं ती १९३१ सालीं ह्याच ग्रामोफोन कंपनीच्या व दुसऱ्या एका कंपनीच्या मीलनांतून निघालेली. म्हणजे यंत्राचें कुळ एकच. एका मंडळीच्या दारीं तें वेळेवर आलें. दुसरीच्या दारीं आलें तेव्हां अण्णासाहेबांस जाऊन सतरा वर्षें झालीं होतीं आणि भाऊरावहि नव्हते.

ह्याचा परिणाम केवळ हळहळण्यापुरता असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. परंतु तबकडी जेथून सुरू होते तेथूनच संगीत नाटक सुरू झालें असें समजण्याची एक खोड आमच्या रसिकांस व कांहीं समीक्षकांसहि लागली आहे. १९०५ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत आले. १९११ त खाडिलकरांचें मानापमान गोविंदराव टेंब्यांच्या चालींनीं आणि १९१६ त स्वयंवर भास्करबुवा बखल्यांच्या चालींनीं गाजलें. मधल्या काळांत, १९१३ सालीं, गंधर्व मंडळी वेगळी निघाली होती. ह्या पदांत रागाचा विस्तार आहे, तान आहे, आणि तीं नाटकांतून उचलून तीन मिनिटांच्या तबकडींत घातलीं तरी स्वतंत्रपणें उभीं राहतात. सौभद्रांतील चार ओळींच्या साकीस तें कसें साधावें? ती पूर्वींच्या वाक्याचें उत्तर असते आणि पुढच्या वाक्याचा प्रश्न असते. तिचें सारें सौंदर्य तिच्या जागेंत आहे. तबकडीवर ती आणली तर गायकानें बोलतां बोलतां सूर लावला आणि थांबला असें वाटेल. म्हणून यंत्रानें जें जपलें तें नाटकांतलें गाणें; गाण्यानें बोलणारें नाटक त्याच्या हातीं लागलें नाहीं. बालगंधर्वांच्या अलौकिक गुणांविषयीं आमचा आदर कोणाहूनहि कमी नाहीं. परंतु त्यांच्या तबकड्यांच्या मापानें किर्लोस्करांस मोजून ‘त्यांचें संगीत साधें’ असा शेरा मारणें म्हणजे संवादास मैफलीच्या कसोटीस लावणें होय.

सौभद्राचे प्रयोग आज होतात, पण बहुधा काटछाट करून; आणि कात्री चालते ती आधीं ह्याच साक्या-दिंड्यांवर, कारण त्यांस टाळ्या पडत नाहींत. ज्यास १८८२ च्या रात्रीं लोकांनीं काय ऐकिलें ह्याचा थोडा तरी अंदाज घ्यावयाचा आहे, त्यानें छापील सौभद्र घ्यावें आणि गद्यपद्य न गाळतां, साकी साकीच्या आणि दिंडी दिंडीच्या चालीवर, मोठ्यानें वाचीत जावें. आम्हीं वर्गांत असें करून पाहिलें आहे. पहिल्या अंकाच्या आरंभीं मुलें संकोचतात. नारदाचा प्रवेश संपेपर्यंत त्यांतील निम्मीं गुणगुणूं लागलेलीं असतात.